गाण्यांची माळ आणि नाचणारे पाय

बऱ्हाणपुरात लग्नसराई सुरू झाली, की तापीच्या काठापासून शनवाऱ्यापर्यंत संध्याकाळी वाजंत्री ऐकू येऊ लागते. पूर्वी वरातीपुढे पितळी वाद्यांचा बँड असे. आता बहुतेक ठिकाणी त्याच्या जोडीला, किंवा त्याच्या जागी, डीजे असतो. वरात मॅरेज गार्डनमध्ये पोहोचते, पंगती उठतात आणि मंडपातील मोकळ्या जागेत नाच सुरू होतो. पहिल्या गाण्याला दहा-बारा मुले रिंगण धरतात. दुसरे गाणे मोठ्या आवाजात मध्येच घुसते. त्याची लय निराळी असल्यामुळे पडलेले पाऊल अधांतरी राहते. तिसरे गाणे अर्ध्यावर तोडले जाते. ज्या काकाकाकू जुन्या गाण्याच्या पहिल्याच सुरांना हसत उठल्या होत्या, त्या दोन पावले टाकण्यापूर्वीच जागेवर परततात. आजीबाई तर केव्हाच खुर्ची मागे ओढून कानांवर पदर घेऊन बसलेल्या असतात. अर्ध्या तासात नाचणारे थोडे आणि पाहणारे फार, अशी स्थिती होते.

या प्रसंगी दोष गाण्यांना दिला जातो. कोणी म्हणतो, जुनी गाणी आता चालत नाहीत. कोणी म्हणतो, नव्या गाण्यांत राम नाही. वस्तुतः दोष गाण्यांचा नसतो, ती ओवण्याचा असतो. फुले ताजी असली तरी दोरा कच्चा असेल, तर माळ तुटावयाचीच. नाचासाठी गाणी एकापुढे एक अशी जोडणे, की ऐकणाऱ्याला सांधा कळू नये आणि नाचणाऱ्याचे पाऊल थांबू नये, ही एक स्वतंत्र कला आहे. तिला सर्वत्र ‘मिक्स’ या नावाने ओळखतात. हे नाव नवे असले तरी कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. भजनी मंडळ पहिल्या अभंगापासूनच द्रुत लय धरीत नाही. टाळ आधी संथ पडतात, मग पावली येते आणि फुगडीची वेळ येईपर्यंत लय आपोआप चढलेली असते. मध्ये कोणी घड्याळ पाहत नाही. मिक्स जुळवणाऱ्याने साधावयाचे ते हेच.

आता ज्या गाण्यांची ही माळ ओवावयाची, ती कशी घडली हे प्रथम पाहिले पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ध्वनिमुद्रिका मिनिटाला ७८ फेरे घेत असे आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावत असे. १९४९ साली ४५ फेऱ्यांची लहान तबकडी निघाली. तरीही गाण्याची लांबी फारशी वाढली नाही. म्हणून त्या काळचे प्रत्येक गाणे तीन मिनिटांत आपले सर्व म्हणणे मांडून संपते. नाचाची रात्र मात्र तीन तासांची असते. तीन तासांना अशी साठांहून अधिक गाणी लागतात, म्हणजेच साठ वेळा सांधा येतो. त्या साठ जागी पाऊल अडखळले नाही, तर रात्र साधली.

अमेरिकेत १९५० व १९६० च्या दशकांत ‘सोल’ नावाचे जे संगीत पुढे आले, त्याचे मूळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांत होते. सॅम कुक हा आधी भक्तिगीते गाणाऱ्या मंडळात होता. अरीथा फ्रँकलिन ही धर्मोपदेशकाची कन्या, वडिलांच्याच चर्चमध्ये गाऊन तयार झालेली. बेन ई. किंग याच्या १९६१ सालच्या ‘स्टँड बाय मी’ या गाण्यामागेही जुन्या भक्तिगीताची प्रेरणा होती. टाळ्या, खंजिरी, एकाने सांगावे आणि इतरांनी झेलावे, ही प्रार्थनेतली रीत तशीच नाचाच्या गाण्यांत उतरली. डेट्रॉइट शहरात मोटारींच्या कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डी याने १९५९ साली जी संस्था काढली, तिचे ‘मोटाउन’ हे नाव पुढे या संगीताचे दुसरे नाव ठरले. त्या गाण्यांतला ठोका इतका स्पष्ट असतो, की ज्याला इंग्रजीचा गंध नाही त्याचाही पाय हलू लागतो.

मुंबईत याला समांतर अशी एक गोष्ट घडत होती. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्या शाळांतून शिकलेले शेकडो वादक मुंबईस आले. संध्याकाळी हॉटेलांतील नृत्यवृंदांत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत वाजवू लागले. आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना लोक चिक चॉकलेट या नावाने ओळखत, हे त्यांपैकी एक नामांकित ट्रंपेटवादक. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी या वादकांना हाताशी धरून ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांतून नाचरी गाणी दिली. ‘अलबेला’तील ‘शोला जो भडके’ या गाण्यात तर चिक चॉकलेट आणि त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो.

१९५७ साली ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ हे गाणे आले, तेव्हा या कथेत बऱ्हाणपूरचा शेजारीही दाखल झाला. गाणारे किशोर कुमार हे खांडव्याचे. बऱ्हाणपुराहून रेल्वेने खांडवा सुमारे ७० किलोमीटरवर. संगीत नगर जिल्ह्यातील माणसाचे, आवाज निमाडातला आणि वाद्ये गोव्याची! सी. रामचंद्र यांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी त्या गाण्याच्या मुखड्यात कोकणी शब्दांची भर घातली, असे सांगितले जाते. हे ध्यानात घेतले, म्हणजे जुन्या पाश्चात्त्य नृत्यगीतांची माळ बऱ्हाणपुरात वाजवणे ही उपरी गोष्ट वाटत नाही. मोटाउनचे एखादे गाणे आणि ‘ईना मीना डीका’ शेजारी शेजारी ठेवले, तर ती एकाच मांडवात भेटलेली दोन घरची माणसे वाटतात.

गाणी निवडल्यावर पहिले काम म्हणजे लय मोजणे. घड्याळ समोर ठेवून पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजावे आणि चाराने गुणावे. मिनिटाचा आकडा मिळतो. ‘स्टँड बाय मी’त मिनिटाला सुमारे १२० ठोके पडतात. संगणक हा आकडा क्षणात दाखवतो, परंतु तो कधी कधी दुप्पट किंवा निम्मा दाखवून फसवतो. म्हणून एकदा पायाने ताल धरून मोजलेले चांगले. ज्या शहरात घरोघरी यंत्रमागांची खटखट ऐकत मुले वाढली, त्या बऱ्हाणपुरात ठोका ओळखणारे कान दुर्मीळ नाहीत. मागाची गती किंचित बिघडली, तर विणकराला ती शेजारच्या खोलीतून कळते. गाणी जुळवणाऱ्याला असाच कान लागतो.

समजा, चालू गाण्याचे ठोके ११८ आहेत आणि पुढच्याचे १२२. पहिले शेवटाकडे अगदी थोडे चढवावे, दुसरे थोडे उतरवावे आणि दोन्ही १२० वर आणावीत. फरक दोन टक्क्यांहून कमी पडतो. कोणाच्याही लक्षात येत नाही. मात्र या सोयीस मर्यादा आहे. तबकडीचा वेग वाढवला की सूरही चढतो. वेग सहा टक्के वाढवला, तर पेटीवरची एक पट्टी वर जाते. पांढरी एकचे गाणे काळी एकचे होते आणि ओळखीचा गायक कोणी पोरगेलासा माणूस वाटू लागतो. संगणक सूर न बदलता वेग बदलू शकतो, हे खरे. पण फार ताणले तर आवाजाला पत्र्यासारखी धार येते. तीन-चार टक्क्यांपुढे न जाणे हा शहाणपणाचा नियम.

जुन्या गाण्यांची आणखी एक खोड आहे. आजच्या गाण्यांना यंत्राचा ठोका असतो. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत केसभरही हलत नाही. त्या काळी ड्रमवर माणूस बसलेला असे. कडवे रंगले की तो किंचित पुढे जाई, गायकाने सूर लांबवला की किंचित थांबे. सुरुवातीस ११८ असलेले गाणे शेवटी १२१ झालेले आढळते. म्हणून दोन जुनी गाणी एकदा जुळवून हात काढून घेता येत नाही. तबल्याच्या साथीदाराने गायकाकडे पाहत राहावे, तसे जुळवणाऱ्याला सांधा पार पडेपर्यंत गाण्यावर हात ठेवावा लागतो. ही अडचण खरी. पण जुन्या गाण्यावर म्हातारे पायही सहज पडतात, याचे एक कारण हेच असावे. त्या गाण्यात माणसाचा श्वास आहे.

दुसरे काम म्हणजे सम ओळखणे. चार ठोक्यांचा एक गट आणि अशा आठ गटांचे, म्हणजे ३२ ठोक्यांचे, एक वळण, अशी या गाण्यांची साधारण घडण असते. मिनिटाला १२० ठोके असतील, तर हे वळण बरोबर १६ सेकंदांचे होते. नाचणाऱ्याने हे कधी मोजलेले नसते, पण त्याच्या शरीराला ते ठाऊक असते. नवे काही घडायचे तर ते वळणाच्या आरंभीच घडावे, ही त्याची अपेक्षा असते. म्हणून नवे गाणे समेवर आणावे. ठोके जुळले पण सम चुकली, तर गाणे कोणाच्या तरी बोलण्यात तोंड घालणाऱ्या माणसासारखे वाटते. त्याचप्रमाणे दोन गायकांचे आवाज एकाच वेळी चालू देऊ नयेत. एकाचे शब्द संपून नुसता ठेका उरला असेल, तेथे दुसऱ्याचे आरंभीचे वादन आणावे. दोन्ही गाण्यांचे खर्जातले आवाज एकत्र आले की गढूळपणा येतो. म्हणून चालू गाण्याचा खर्ज हळूच कमी करून नव्याला वाट द्यावी.

ज्यांची घडणच निराळी, ती गाणी बळाने जोडू नयेत. आठ मात्रांच्या केरव्यावरून सहा मात्रांच्या दादऱ्यात, किंवा चार ठोक्यांच्या गाण्यातून तीन ठोक्यांच्या वॉल्ट्झमध्ये एकावर एक चढवून जाता येत नाही. अशा वेळी पहिले गाणे संपू द्यावे, क्षणभर शांतता ठेवावी आणि मग दुसरे सुरू करावे. चांगल्या सांध्याइतकीच चांगली शांतताही उपयोगी पडते. उलट ८० ठोक्यांच्या गाण्यातून १६० च्या गाण्यात सहज शिरता येते, कारण ती तबलजीची दुगुनच होय.

गाणी अखंड जोडण्याची ही रीत १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये रूढ झाली. फ्रान्सिस ग्रासो हा तरुण दोन तबकड्यांचे ठोके कानाने जुळवून वाजवीत असे. पुढे टॉम मोल्टन याने १९७५ साली ग्लोरिया गेनर हिच्या तबकडीची एक संपूर्ण बाजू, मध्ये कोठेही खंड न पडता, नाचासाठी जोडून दिली. तबकडीचा वेग हाताने कमीअधिक करण्याची सरकपट्टी असलेले जपानी यंत्र १९७९ साली आले आणि हे काम पुष्कळ सोपे झाले.

पण या कलेचा सर्वांत बोलका दाखला इंग्लंडच्या वायव्येकडील विगन या कोळशाच्या खाणींच्या व कापडगिरण्यांच्या गावात सापडतो. तेथील कॅसिनो नावाच्या जुन्या नृत्यगृहात १९७३ ते १९८१ या काळात आठवड्याच्या अखेरीस रात्रभर नाच चाले. तेथे दारू विकली जात नसे. कामकरी वर्गातील तरुण दुरून येत आणि सकाळी आठापर्यंत नाचत. नाचत ते कशावर? १९६० च्या दशकातील अमेरिकन सोल गाण्यांवर. आणि त्यांतही प्रामुख्याने अशा गाण्यांवर, जी अमेरिकेत खपलीच नव्हती. दुकानांच्या अडगळीत पडलेल्या तबकड्या समुद्र ओलांडून आल्या आणि गिरणगावात डोक्यावर घेतल्या गेल्या. रात्रीची शेवटची तीन गाणी ठरलेली असत. ती वाजू लागली, की सकाळ झाली हे सर्वांना कळे. गाणे किती गाजले वा किती जुने झाले, हे तेथे कोणी विचारले नाही. पायांनी जे पसंत केले, ते गाणे चांगले.

कापड विणणाऱ्या बऱ्हाणपुराला हा न्याय पटण्यासारखा आहे. लग्नाची रात्र विगनच्या रात्रीपेक्षा एका बाबतीत अवघड असते. तेथे सर्व तरुण होते. येथे सहा वर्षांच्या नातीपासून ऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत सर्व एका मांडवात असतात. म्हणून गाण्यांचा क्रम चढत्या शिडीसारखा न ठेवता लाटेसारखा ठेवावा. आरंभी मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके असलेली, ओळखीची गाणी घ्यावीत. वडील माणसे याच वेळी ताजी असतात. ती उठली, की धाकटी आपोआप उठतात. मग चार-पाच गाण्यांत लय चढवावी आणि दम लागण्यापूर्वी एक संथ गाणे द्यावे. अनोळखी इंग्रजी गाणे दोन ओळखीच्या हिंदी-मराठी गाण्यांच्या मध्ये ठेवावे, म्हणजे ते पाहुण्यासारखे सामावून घेतले जाते. साठ गाणी लागणार असतील, तर शंभर जवळ ठेवावीत. कारण मांडवात काय चालेल, हे घरी बसून पुरते कळत नाही.

राहिला प्रश्न आवाजाच्या मोठेपणाचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणउत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. नियमांचे कारण शरीरात आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो, असे श्रवणशास्त्र मानते. पुढे प्रत्येक तीन डेसिबलमागे ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९७ डेसिबलला अर्धा तास, आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे! कर्ण्यापुढे नाचणारे मूल तेथे दोन तास असते. आतील कानातील सूक्ष्म पेशी एकदा मेल्या, की माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. शेजारच्या गल्लीत आजारी माणूस असतो, परीक्षेचा विद्यार्थी असतो, त्यांचा विचार तर वेगळाच.

मोठा आवाज हे पुष्कळदा कच्च्या सांध्यावर घातलेले पांघरूण असते. गाणी नीट जुळली नाहीत, पाय थांबले, की आवाज वाढवून त्यांना हाकण्याचा मोह होतो. शिवाय जुन्या ध्वनिमुद्रणांत खर्ज मुळातच थोडा असतो. तो यंत्राने फुगवला, की गायकाचा आवाज त्याखाली गाडला जातो. ज्या आवाजासाठी आजी खुर्चीवरून उठली असती, तोच तिला ऐकू येत नाही.

म्हणून मिक्स जुळवणाऱ्याने शिकावयाची शेवटची गोष्ट कोणत्याही यंत्रात नाही. डोके यंत्रावरून वर उचलून समोर पाहावे. कोण नाचत आहे, कोण बसला आहे, कोण नुसता खुर्चीवर ताल धरून आहे. बसल्या जागी हलणारे पाऊल ही सर्वांत महत्त्वाची खूण. त्या माणसाला उठवणारे गाणे पुढचे असले पाहिजे. आजी उठून नातीचा हात धरते आणि दोन गाण्यांच्या सांध्यावरून दोघींची पावले न थांबता पुढे जातात, तेव्हा हा सांधा कोठे होता, असे मांडवात कोणी विचारीत नाही. पुणतांबा, गोवा, खांडवा आणि डेट्रॉइट येथून निघालेली गाणी त्या वेळी बऱ्हाणपुरातल्या त्या मांडवात एकाच दोऱ्यात बसलेली असतात. आणि ओवणाऱ्याचे काम झालेले असते.